पैसे तुमचे, परवाना मदरबोर्डचा

सॉफ्टवेअर विकत घेतलं, असं आपण म्हणतो. कंपनी तसं कधीच म्हणत नाही. तिच्या लेखी तुम्हाला फक्त वापरायची परवानगी मिळालेली असते, आणि तीही बऱ्याचदा तुमच्या नावावर नसते. टेबलाखालच्या डब्याच्या नावावर असते.

२००१ साली विंडोज एक्सपी आलं आणि ही शिस्त घरोघरी पोचली. पंचवीस अक्षरांची की टाकायची. मग प्रोग्राम हार्ड डिस्क, रॅम, नेटवर्क कार्ड अशा सगळ्यांचा पंचनामा करणार, त्यातून लांबलचक आकडा काढणार आणि सर्व्हरला कळवणार. नेट नसेल तर तेव्हा फोन लावून तो वाचून दाखवायचा, पलीकडून सांगितलेला दुसरा आकडा उतरवून घ्यायचा आणि टाइप करायचा.

लॅपटॉपसोबत येणारं ओईएम विंडोज तर मदरबोर्डसोबत सतीच जातं. वेगळं घेतलेलं रिटेल विंडोज दुसऱ्या मशीनवर नेता येतं, पण एका वेळी एकाच. हा फरक दुकानदाराला विचारा. ‘ओरिजिनल आहे साहेब,’ एवढंच उत्तर मिळेल. ऑफिस २०१३ने कहर केला होता: दुकानातून घेतलेली प्रतही ज्या कॉम्प्युटरवर टाकली त्याच्याशीच जन्माची गाठ. गिऱ्हाइकांनी बोंब मारल्यावर त्याच वर्षी मार्चमध्ये काडीमोडाची सोय झाली, तीही नव्वद दिवसांतून एकदाच.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. एक सीडी आणि आख्ख्या सोसायटीचे पीसी, हा हिशेब आपलाच. पण त्याचा भुर्दंड भरतो तो पावती फाडून घेणारा. अडोबीने सीएस२ या जुन्या सॉफ्टवेअर-संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांसाठी २०१३च्या सुरुवातीला ॲक्टिव्हेशन न मागणारी प्रत कंपनीलाच वेबसाइटवर ठेवावी लागली. कुलूप लावणाऱ्यानेच किल्ली फेकली होती ना!

हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरची रीत तशी सरळ आहे. जुन्या मशीनवर बसून लायसन्स सरेंडर करायचं, नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं. फक्त ऑफिसातला जुना पीसी सांगून मरत नाही. त्याचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, उडतो तो नेमका मार्चअखेरीला, जीएसटीचं रिटर्न अर्धवट असताना. मग लायसन्स मोकळं करून घ्यायला रजिस्टर केलेला ई-मेल लागतो. तो असतो आधीच्या अकाउंटंटचा, जो पगारावरून भांडून गेला आणि आता शेठचा फोन उचलत नाही. त्यात टॅलीचं सिल्व्हर लायसन्स घेतलं असेल तर एकाच मशीनचं काम. दोघांनी नेटवर्कवर एकदम बसायचं तर गोल्डचे पैसे मोजा. शेठ सिल्व्हरच घेतात आणि दोघांना आळीपाळीने बसवतात.

तेव्हा खरेदी करताना ओईएम की रिटेल, हे बिलावर लिहून घ्या. रजिस्ट्रेशनला ई-मेल मालकाचाच द्या. आणि जुना पीसी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवण्याआधी, तो सुरू होतोय तोवर, त्यावरचं लायसन्स सोडवून घ्या.