पिएत्रोशेठची थोरली

"तुमच्या त्या मिलानच्या बाईंचं काय झालं पुढे?" मालूताईंनी कुंपणापलीकडून विचारलं. मी सध्या मारिया गाएताना आन्येसीबद्दल वाचतेय हे त्यांना ठाऊक आहे. गणिताशी त्यांचं वाकडं, पण माणूस तीनशे वर्षांपूर्वीचा असला तरी त्याच्या घरातलं ऐकायला त्या कधीही तयार.

"बाई हुशार होत्या. बाप मात्र नमुना."

"सांगा, सांगा. कढीपत्ता तोडते तोवर."

"पिएत्रो आन्येसी. घरचा रेशमाचा व्यापार, पैसा उदंड; पण मिलानच्या खानदानी मंडळींत उठबस व्हावी ही भारी हौस. त्याची ही थोरली लेक, 1718 मधली."

"पाठची किती?"

"सगळी मिळून 21 मुलं. बायका तीन. एक गेली की दुसरी, तशा."

मालूताईंचा हात डहाळीवरच राहिला. "अगं बाई! म्हणजे धाकट्यांचं सगळं हिच्याच गळ्यात."

"त्यांचा अभ्यास तरी हीच घ्यायची. पाचव्या वर्षी फ्रेंच बोलत होती. नवव्या वर्षी पाहुण्यांपुढे लॅटिनमधून भाषण ठोकलं, विषय काय, तर बायकांनाही शिकू द्या. मग ग्रीक, हिब्रू, जर्मन, स्पॅनिश. बापाला घबाडच सापडलं. घरी बैठका भरवायचा. हिनं विद्वानांशी वाद घालायचा आणि धाकट्या मारिया तेरेसानं हार्प्सिकॉर्डवर स्वतः रचलेलं वाजवायचं."

"पाहुणे आले की 'बाळ, ती कविता म्हणून दाखव', त्यातलाच प्रकार."

"तोच. फक्त हे बाळ वीस-एकवीस वर्षांचं. 1739 मध्ये दे ब्रॉस नावाचे एक फ्रेंच गृहस्थ तिथे गेले होते, त्यांच्या पत्रात सगळं आलंय. तीसेक माणसं गोल करून बसलेली, आणि हिला लॅटिनमधून प्रश्न. आत्म्याचा शरीराशी संबंध काय, काही झऱ्यांचं पाणी भरती-ओहोटीसारखं वरखाली का होतं. ही फाडफाड उत्तरं देतेय. आणि नंतर त्यांना सांगते काय, तर मला हे चारचौघांत बोलणं मुळीच आवडत नाही. एकाची करमणूक होते आणि वीस जण कंटाळून जातात."

"बापाला सांगायचं ना!"

"सांगितलं की. मठात जाते म्हणाली. तो कसला सोडतोय! मग हिनं तीन अटी घातल्या. साधे कपडे घालणार, वाटेल तेव्हा चर्चमध्ये जाणार, आणि नाचगाणी-नाटकं बंद. त्यानं मुकाट्यानं मान्य केल्या."

"पक्की आहे हो! वकिलीत नाव काढलं असतं."

"गणितात काढलं. रांपिनेल्ली नावाचे एक साधू गणिताचे प्राध्यापक होते, त्यांच्याकडे शिकली आणि दहाएक वर्षं एका पुस्तकाच्या मागे लागली. छापखानेवाल्याची यंत्रं हिच्या घरी आणून बसवली, म्हणजे बाई स्वतः समोर उभ्या राहून समीकरणं जुळवून घेणार. कलनाचं एक चिन्ह इकडचं तिकडे गेलं तर पानच्या पान वाया, हे तिला माहीत होतं. 1748 मध्ये दोन खंड निघाले, हजारावर पानं, आकृत्या शेवटी घडीच्या पानांवर."

"एवढं होतं काय त्यात?"

आता गणिताच्या निवृत्त मास्तरणीला हा प्रश्न विचारायचा म्हणजे कुंपणाशी पाय दुखेपर्यंत उभं राहण्याची तयारी हवी. पण मी आवरतं घेतलं.

"तेव्हा कलन हे शास्त्रच नवं होतं हो. न्यूटनचं एकीकडे, लायब्निट्सचं दुसरीकडे, बाकीच्यांचे लेख कुठेकुठे विखुरलेले, बरंचसं लॅटिनमध्ये. शिकणाऱ्या पोरानं कुठे कुठे शोधायचं? हिनं साध्या बीजगणितापासून सुरुवात केली आणि पायरी पायरीनं विकलन, संकलन, विकलक समीकरणं इथवर आणून सोडलं. तेही इटालियनमध्ये. नवा शोध लावल्याचा दावा नाही. नीट मांडून ठेवलं, बस. आणि ते किती अवघड असतं हे वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पॅरिसच्या अकादमीनं वाखाणलं. केंब्रिजच्या कोल्सन नावाच्या प्राध्यापकांनी तर उतारवयात इटालियन शिकून ते इंग्रजीत आणलं. छापून मात्र 1801 मध्ये निघालं. तेव्हा तेही नव्हते, बाईही नव्हत्या."

"बक्षीस-बिक्षीस?"

"पुस्तक सम्राज्ञी मारिया थेरेसाला अर्पण केलं होतं. तिनं हिऱ्याची अंगठी पाठवली, शिवाय हिरे जडवलेली स्फटिकाची डबी. पोप चौदावे बेनेडिक्ट मूळचे बोलोन्याचे. त्यांनी 1750 मध्ये तिथल्या विद्यापीठात गणिताचं अध्यासन देऊ केलं. बाई कधी गेल्याच नाहीत."

"काय सांगता! घरबसल्या आलेली नोकरी?"

"दोन वर्षांत वडील वारले. झालं! त्या दिवसापासून गणित गुंडाळून ठेवलं. घरातल्या खोल्यांतून आजारी, निराधार बायका आणून ठेवायला लागली. पुढे 1771 मध्ये मिलानला त्रिवुल्झिओ नावाचा गरीब म्हाताऱ्यांसाठीचा मोठा आश्रम निघाला, त्याच्या बायकांच्या विभागाची प्रमुख झाली. शेवटी तिथेच राहायला गेली. 1799 मध्ये वारली, आणि पुरली तीही पंधरा जणांबरोबर एकाच खड्ड्यात."

"मनासारखं जगली म्हणायची."

"हो, पण मला राग येतो तो एका गोष्टीचा. 1762 मध्ये तुरिनच्या विद्यापीठानं लाग्रांज नावाच्या पोराचं नवं काम हिच्याकडे अभिप्रायाला पाठवलं. लाग्रांज! पुढे केवढा माणूस झाला तो! आणि या बाईंनी कळवलं की आता मी त्यात लक्ष घालत नाही. दोन ओळी लिहायला काय जात होतं?"

"अहो, वीस वर्षं बापासाठी बोलली, दहा वर्षं लिहिलं, आता कोणी तरी एकानं तिला सोडायला नको का? तुम्ही तरी रिटायर झाल्यावर पेपर तपासता का?"

यावर मला पटकन काही सुचलं नाही. मालूताईंनी कढीपत्त्याची जुडी बांधली आणि जाता जाता वळल्या.

"आणि ती अंगठी?"

"विकली. त्या बायकांच्या खर्चाला."

"हिऱ्यांची डबीपण?"

"डबीपण."

"डबी मी ठेवली असती," मालूताई म्हणाल्या.