साहेब, मोटर कितीची टाकू?

जालन्याचा मस्तगड १७२५ साली निजाम-उल-मुल्कच्या हुकमावरून काबिलखानाने बांधला. एकाने सांगितलं, दुसऱ्याने केलं, काम संपलं. आज त्याच मस्तगडाजवळच्या एखाद्या टपरीवर "वीस एचपीची मोटर जळाली हो" एवढं मोठ्याने म्हणून बघा. चहाला उकळी फुटायच्या आत वायरमन, फिटर, रिवाइंडिंगवाला, भंगारवाला आणि शेठचे साडू असे पाच सल्लागार हजर. साडूंना विजेतलं काही कळत नाही, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा.

मोटर जळाली कशाने, हे विचारणं अशुभ. ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप व्हायचा, माल अडायचा. तेव्हा कुणीतरी स्क्रू पिळून त्याला शेवटच्या आकड्यावर नेला. तेव्हापासून रिले एकदम समजूतदार झाला. मोटर जळेपर्यंत त्याने हूं की चूं केलं नाही.

मग नेमप्लेटचा शोध. तिच्यावर रंगाचे इतके हात, की खरवडून फक्त "१४" दिसतं. पन्नास हर्ट्झवर पंधराशेच्या जरा खाली फिरते, म्हणजे चार पोलची, इतकं फिटर ओळखतो. बाकी अंदाजपंचे.

"वीसची जळाली ना? मग तीसची टाका," साडू म्हणाले. वीसच्या मोटरचा शाफ्ट पायापासून १६० मिलिमीटरवर, तीसचा १८०वर. कपलिंग जुळणार कसं? पंपाखाली पट्ट्या ठोकून. फाउंडेशनच्या बोल्टांना गॅस कटर आहेच.

एका डिप्लोमावाल्या पोराने मध्येच तोंड घातलं. म्हणे, वीसचीच घ्या, पण आयई-३ घ्या. जुनी आयई-१ नवी असताना ८८.७ टक्के कार्यक्षम होती, ही ९२.१. पूर्ण लोडवर वर्षाला सात हजार तास चालली, तर चार हजारांवर युनिट वाचतात. शिवाय मोटर वर्षभरात स्वतःच्या किमतीच्या कितीतरी पट वीज पिते.

"बिल अकाउंटंट भरतो," साडू म्हणाले, "मोटर आपण घेतोय."

पोराला चहा आणायला पाठवलं.

तीसची बसली. अर्ध्याहून थोड्या जास्त लोडवर गारेगार चालते, आल्यागेल्याला हात लावून बघायला सांगतात. पॉवर फॅक्टर घसरला, बिल फुगलं, तेव्हा पुन्हा बैठक भरली. सगळी बाजू ऐकून घेऊन साडूंनी निकाल दिला: मीटर फास्ट आहे.