कुलवृत्तांताच्या फॉर्मबाबत

फ्रँकफर्ट,
१२ ऑक्टोबर

ती. अण्णाकाकांस शुभाचा सा. न. वि. वि.

कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी तुम्ही पाठवलेला फॉर्म मिळाला. तो यांच्या नावाने आला असला तरी भरायला मीच बसले, कारण काका माझे आहेत. जन्मतारीख, जन्मवेळ, रक्तगट इथपर्यंत ठीक चाललं होतं. दुसऱ्या पानावर हुद्दा, मासिक प्राप्ती, घर स्वतःचे की भाड्याचे, आणि तळाशी ‘इतर विशेष (दीर्घ आजार, परदेशगमन इ.)’. आजार आणि परदेशगमन एकाच कंसात का, हे मी विचारत नाही. पण अण्णाकाका, असला फॉर्म युरोपात कोणी कोणाला पाठवला तर तो भरून परत येत नाही, वकिलाचं पत्र येतं.

इथे २५ मे २०१८ पासून एक कायदा लागू आहे. बाहेरचं जग त्याला जीडीपीआर म्हणतं, जर्मन लोक डीएसजीव्हीओ म्हणतात, आणि म्हणताना आपल्याकडे साडेसातीचं नाव घेताना होतो तसा चेहरा करतात. माहिती गोळा करायची तर कशासाठी, कोणत्या आधारावर आणि किती काळ ठेवणार, हे आधी सांगायचं. कामापुरतीच घ्यायची. ज्याची आहे त्याने मागितली की साधारण महिन्याच्या आत त्याला दाखवायची. मोठ्या चुकीला दंडाची कमाल मर्यादा २ कोटी युरो, किंवा कंपनीच्या जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, जे जास्त असेल ते. कुलवृत्तांत मंडळाची उलाढाल पाहता तुम्हाला २ कोटीवालं कलम लागेल.

तुम्ही म्हणाल, हा तर घरचा मामला. कायद्यात घरगुती कामाला सूट आहे, खरंच आहे. काकूंची वाढदिवसांची वही त्यात बसते. पण घर कुठे संपतं हेही इथल्या न्यायालयाने सांगून ठेवलंय. स्वीडनमधल्या एका बाईंनी चर्चमधल्या सहकाऱ्यांची माहिती इंटरनेटवर टाकली. त्यात एकीच्या पायाला दुखापत झाल्याचं आणि ती आजारपणामुळे अर्धवेळ रजेवर असल्याचं लिहिलं होतं. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २००३ साली ठरवलं की दुखावलेला पाय ही आरोग्याची माहिती आहे, आणि जी सगळ्या जगाला दिसते ती घरगुती नव्हे. कायदा तेव्हाचा जुना होता, पण मुद्दा आजही तोच. आता आपली मागची आवृत्ती काढा. शरूआत्याच्या नावापुढे ‘स्वभाव तापट, मधुमेह’ असं छापलेलं आहे. मधुमेह ही खास संरक्षित माहिती. तापट स्वभाव खास संरक्षित नाही, पण आत्याला विचारून छापलं होतंत का?

गोत्र आणि कुलदैवत हे रकानेही नाजूक, कारण धर्मश्रद्धेची माहितीही त्याच खास गटात मोडते. गंमत अशी की इथलं सरकार स्वतः धर्म विचारतं. घर बदललं की दोन आठवड्यांत नगरपालिकेकडे नोंद करावी लागते, आणि त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, कारण चर्चचा कर सरकारच गोळा करतं. आमच्या हेसेन राज्यात तो प्राप्तिकराच्या ९ टक्के. आम्ही ‘नाही’ लिहिलं. आपल्या कुलदैवतावर, व्याडेश्वरावर, जर्मनीने अजून कर बसवलेला नाही, तेव्हा तुम्हीही बोभाटा करू नका.

दारावरच्या पाट्यांचं ऐका. २०१८ साली व्हिएन्नाच्या महापालिकेच्या गृहविभागाने सुमारे २ लाख २० हजार घरांच्या बेलवरची नावं काढून नुसते क्रमांक लावायचं ठरवलं, का तर कायदा. जर्मनीतही घरमालकांच्या संघटनेने तसा सल्ला दिला. शेवटी माहितीरक्षणाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना जाहीरपणे सांगावं लागलं की बाबांनो, असं काही कायद्यात नाही. बरं झालं. इथल्या इमारतींत फ्लॅटला बहुधा क्रमांकच नसतो, पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. पाटी गेली असती तर तुमचा फॉर्म तिसऱ्या मजल्यावर गेला असता आणि तिथल्या माणसाने यांची मासिक प्राप्ती काय असेल याचा अंदाज बांधला असता.

चौकशी हा आपला जिव्हाळ्याचा प्रकार आहे, हे मला मान्य आहे. पण तीच चौकशी साहेब लोकांनी वहीत उतरवली तर? न्यूरेम्बर्गमध्ये एच अँड एम या कपडेवाल्यांच्या केंद्रात सुट्टीवरून किंवा आजारपणातून परतलेल्या कर्मचाऱ्यांशी वरिष्ठ आपुलकीने बोलत. मग सुट्टीतले अनुभव, आजाराची लक्षणं, घरातली भांडणं असं सगळं संगणकात नोंदवून ठेवत. एका चुकीमुळे ते कंपनीभर दिसू लागलं आणि फुटलं. २०२० साली दंड झाला सुमारे ३ कोटी ५३ लाख युरो. आपल्या वाड्यात हेच काम गोदावहिनी फुकट करत असत. फरक इतकाच की गोदावहिनींच्या हातात कोणाची पगारवाढ नव्हती.

फोटोंचं प्रकरण त्याहून जुनं आहे. १८९८ साली बिस्मार्क वारले, त्या रात्री दोन छायाचित्रकार त्यांच्या खोलीत शिरून मृतदेहाचे फोटो काढून आले. खटला झाला तेव्हा लक्षात आलं की चेहऱ्यावर माणसाचा हक्क सांगणारं कलमच नाही. घरात घुसल्याच्या मुद्द्यावर निभावून न्यावं लागलं. मग १९०७ साली कायदा झाला. परवानगीशिवाय कोणाचा फोटो प्रसिद्ध केला तर आजही त्या कायद्याखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आमच्या ओवीच्या शाळेतून दर वर्षी संमतीचा कागद येतो, वर्गाचा फोटो, शाळेची वेबसाइट, वर्तमानपत्र, प्रत्येकाला वेगळी खूण. आणि काकूंना हे जरूर वाचून दाखवा: नेदरलँड्समध्ये २०२० साली एका आजीने नातवंडांचे फोटो फेसबुकवरून काढायला नकार दिला. मुलगी कोर्टात गेली. कोर्टाने सांगितलं, फोटो काढा, नाहीतर रोज ५० युरो दंड, जास्तीत जास्त १,००० पर्यंत. काकूंच्या स्टेटसवर ओवी आंघोळ करताना दिसते आहे. मी कोर्टात जाणार नाही. पण काढायला सांगा.

तुमच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो, हे तुम्ही अभिमानाने सांगता. जर्मन दंडसंहितेचं कलम २०१ खासगी बोलणं चोरून रेकॉर्ड करण्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. कलम २०२ दुसऱ्याचं बंद पत्र उघडण्याला एक वर्ष. वाफेवर पाकिटं उघडण्यात आपल्या घरात कोणाचा हातखंडा होता, ते नाव लिहीत नाही.

मलाही आधी हे सगळं अतीच वाटायचं. मग एकदा शेजारच्या आजींना मी कौतुकाने सांगितलं की आमच्या घराण्याच्या पूर्वजांचं पुस्तक आहे, कोण कोणाचा मुलगा ते सगळं नोंदवलेलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ते कोणाला दाखवावं लागतं?”

१९३३ नंतर इथे सरकारी नोकरी टिकवायला आजी-आजोबा कोण होते ते सिद्ध करावं लागे. लोक चर्चमधून जन्मनोंदी गोळा करून ‘आनेनपास’ नावाच्या पुस्तिकेत उतरवत आणि शिक्के मारून घेत. १९३९ च्या जनगणनेत चारही आजी-आजोबांपैकी कोण ज्यू, असा वेगळा प्रश्नच होता. पुढे पूर्व जर्मनीत श्टाझीने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून माहिती काढून जी दप्तरं रचली, ती आज ओळीने मांडली तर सुमारे १११ किलोमीटर भरतात. माहितीरक्षणाचा जगातला पहिला कायदा आमच्या हेसेनने १९७० साली केला, आणि १९८३ साली कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात सांगितलं की आपली माहिती कोणाला द्यायची हे ज्याने त्याने ठरवायचं. आजींना मी आपल्या पुस्तकातली पानं दाखवली. व्याडेश्वराचा फोटो त्यांना आवडला.

भारतातही २०२३ साली असा कायदा झालाय, पण तो डिजिटल माहितीपुरता. तुमच्या लाल कापडाच्या वहीला भय नाही. दादा ती एक्सेलमध्ये उतरवतोय, त्याने जपावं.

तर आमची माहिती अशी पाठवते: नावं, जन्मवर्षं, शिक्षण, गाव. प्राप्ती, रक्तगट, जन्मवेळ नाही. ओवीचा फोटो नाही. तुमचं पुस्तक भरण्यासाठी एक मार्ग मात्र मोकळा आहे. युरोपचा हा कायदा फक्त जिवंत माणसांना लागू होतो. तेव्हा खापरपणजोबांची दोन लग्नं, पेशव्यांकडचं कर्ज आणि कोकण सोडण्याचं खरं कारण बेधडक छापा.

आणि एक हक्क मला बजावायचा आहे. सोळाव्या कलमाखाली आपली अपुरी नोंद पूर्ण करून मागता येते. सासरी गेलेल्या मुलींबाबत आपला कुलवृत्तांत जी गोपनीयता पाळतो ती युरोपलाही साधलेली नाही. बाबांच्या नावाखाली मुकुंदाची साडेसात ओळी माहिती आहे आणि पुढे ‘कन्या २’. त्या दोघींची नावं शुभा आणि मेधा. आईचंही माहेरचं नाव घाला. सांगलीच्या कोर्टात हे कलम चालत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून विनंती करते. आमच्या पानाचं प्रूफ छपाईला जाण्याआधी पाठवा.

ती. सौ. काकूंस सा. न. कळावे.

तुमची
शुभा