दंड भरा, जेवण घाला

जातपंचायतीची एक जुनी रीत आहे. एखाद्या घराला वाळीत टाकायचं. रोटी-बेटी बंद, पाणवठा बंद, मयताला खांदा बंद, दुकानदारानं मीठसुद्धा द्यायचं नाही. पाच-दहा वर्षांनी पंच पुन्हा बसतात, दंड ठरतो, घरधनी डोकं टेकवतो, जेवण घालतो, आणि पंच हात पुसत म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. मधल्या काळात त्या घरातली पोरं काय खाऊन जगली, हा विषय पंचांपुढे येत नाही. महाराष्ट्रानं 2016 मध्ये याविरुद्ध कायदा केला, 2017 पासून तो लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं पहिलं राज्य म्हणून आपण आपली पाठही थोपटून घेतली.

जगाच्या पंचायतीला हा कायदा लागू नाही. तिथे वाळीत टाकण्याला निर्बंध म्हणतात आणि टाकणाऱ्याला जागतिक नेता.

सीरियाचं घ्या. अमेरिकेनं 1979 साली दहशतवादाला आश्रय देणाऱ्या देशांची पहिली यादी केली, त्यात सीरिया होता. 2003 मध्ये खास कायदा झाला, 2004 मध्ये बुशसाहेबांनी व्यापारावर बंदी घातली. 2011 मध्ये बशर असदनं रस्त्यावर उतरलेल्या स्वतःच्याच जनतेवर गोळ्या चालवल्या, तेव्हा युरोपनंही त्याचं तेल घेणं थांबवलं. पुढे 'सीझर' हे टोपणनाव घेतलेल्या एका लष्करी छायाचित्रकारानं पन्नास हजारांहून जास्त फोटो देशाबाहेर काढले, त्यांतले बरेचसे तुरुंगांत छळ करून मारलेल्या माणसांचे. त्याच्या नावानं डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेनं कायदा केला. सीरियाच्या बांधकामाला, तेलाला, विमानांना हात लावील त्या परदेशी माणसावरही निर्बंध येतील, असा त्याचा मतलब. वाळीत टाकलेल्या घरी जो ताक पाठवील तोही वाळीत. पंचायतीच्या जाणकारांना हे कलम नवं नाही.

गुन्हा खरा होता आणि फोटोही खरे होते. प्रश्न एवढाच की शिक्षा बसली कोणाला. लढाईआधी डॉलरला पन्नासेक लिरा पडायचे, शेवटी शेवटी पंधरा हजारांच्या घरात गेले. वीज दिवसाला दोन-तीन तास. असदच्या वाड्यातले दिवे मात्र कधी मिणमिणले नाहीत. निर्बंधांच्या छपराखाली त्याच्या घरच्यांचा आणि दरबाऱ्यांचा एकच धंदा भरभराटीला आला, कॅप्टॅगॉनच्या गोळ्यांचा. सिमेंट, औषधं, पंपाचे सुटे भाग यांच्या खरेदीला बँका बिचकत होत्या. नशेच्या गोळीला बँक लागतच नाही.

मदतीचंही तेच. संयुक्त राष्ट्रांनी गरिबांसाठी पाठवलेले डॉलर सरकारी दरानं लिरात बदलावे लागत. अभ्यासकांनी 2021 मध्ये हिशेब मांडला तो असा, की आदल्या वर्षी त्या मार्गानं डॉलरमागे जवळजवळ निम्मी रक्कम असदच्या मध्यवर्ती बँकेत राहिली. ज्या माणसाला उपाशी मारायचं होतं त्याच्या ताटात मदतीचा अर्धा वाटा आधीच वाढलेला.

फेब्रुवारी 2023 मध्ये भूकंप झाला. उत्तर सीरियात माणसं ढिगाऱ्याखाली होती. तीन दिवसांनी अमेरिकेनं मोठ्या मनानं सवलत जाहीर केली, भूकंपाच्या मदतीसाठी पैसे पाठवायला हरकत नाही. मुदत 180 दिवस. म्हणजे दयेलाही औषधाच्या बाटलीसारखी तारीख. हा 180 आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निर्बंधांचे वकील म्हणतात, असद पडला तो यामुळेच, सैनिकांना पगार उरला नव्हता म्हणून ते लढले नाहीत. यात तथ्य आहे. बारा दिवसांत फौज विरघळली आणि 8 डिसेंबर 2024 ला असद मॉस्कोला पळाला. पण सैनिकाला पगार नव्हता तसा मास्तरलाही नव्हता, आणि मास्तरकडे टाकून पळायला बंदूकही नव्हती. असदचं म्हणाल तर तो मॉस्कोत आहे. त्याच्या देशाला कायदा लावताना जे एकही कलम विसरले नाहीत, त्यांना तो अजून हाती लागलेला नाही.

आता नव्या घरधन्याचं. अहमद अल-शरा. पूर्वी अबू मोहम्मद अल-जोलानी म्हणत, तेव्हा अल-कायदाच्या शाखेचा, नुस्रा फ्रंटचा म्होरक्या. 2017 पासून त्याच्या डोक्यावर अमेरिकेनं 1 कोटी डॉलरचं इनाम ठेवलं होतं. 20 डिसेंबर 2024 ला अमेरिकी मुत्सद्दी दमास्कसला येऊन त्याला भेटले आणि इनाम रद्द झालं. ज्याच्याशी चर्चा करायची त्याच्यावरच इनाम, हे जरा विसंगत दिसतं, असं स्पष्टीकरण निघालं. बरोबरच आहे. समोर चहा पीत बसलेल्या माणसाचा पत्ता सांगा आणि बक्षीस मिळवा, असं कसं चालेल?

मग जेवणं सुरू झाली. 13 मे 2025, रियाध. ट्रम्पसाहेबांनी भाषणात सांगून टाकलं की सीरियावरचे सगळे निर्बंध उठवतो. त्यांच्याच खात्यांचे अधिकारी चकित झाले, अशा बातम्या आल्या. दुसऱ्या दिवशी सौदी युवराजांच्या साक्षीनं शरांशी हस्तांदोलन. नोव्हेंबरमध्ये थेट व्हाइट हाउस. तिथे ट्रम्प यांनी पाहुण्याच्या अंगावर अत्तर फवारलं आणि बायका किती असं विचारलं, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. आपल्याकडे शुद्धीला गोमूत्र शिंपडतात, तिकडे अत्तर.

दंडाची पावतीही आहे. जागतिक बँकेची सीरियाकडे 1.55 कोटी डॉलर थकबाकी होती, ती असेपर्यंत नवी मदत नाही. सौदी अरेबिया आणि कतारनं मिळून ती भरली. बँकेनं लगेच विजेच्या तारा दुरुस्त करायला 14.6 कोटी डॉलर मंजूर केले. मग ऑक्टोबर 2025 मध्ये तिनं पुनर्बांधणीचा खर्च मांडला. 216 अब्ज डॉलर. सीरियाच्या एका वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या दहापट. त्यातही कमीत कमी 140 आणि जास्तीत जास्त 345 अब्ज अशी सोय ठेवलेली. यापुढे आपल्या पीडब्ल्यूडीच्या अंदाजपत्रकाला कोणी हसू नये.

त्या 216 अब्जांत राहत्या घरांचे 75 अब्ज आहेत. आता करार बघा. लताकिया बंदर फ्रेंच कंपनीला 30 वर्षांसाठी. तार्तूस बंदर दुबईच्या कंपनीला, 80 कोटी डॉलर. वीजकेंद्रं कतारच्या पुढाकाराखाली, 7 अब्ज. दमास्कस विमानतळ 4 अब्ज, मेट्रो 2 अब्ज, टोलेजंग मनोरे आणखी 2 अब्ज. राजधानीत एक 'ट्रम्प टॉवर' उभारण्याचा प्रस्तावही निर्बंध उठण्याच्या सुमारास हवेत होता. आमच्या गावी पंचाच्या पोराला गुत्तेदारी देतात, तेव्हा निदान पाटीवर नाव दुसऱ्याचं घालायची लाज असते.

या यादीत होम्स शहराच्या गल्लीतलं तीन खोल्यांचं घर कुठे आहे? ज्याचं छप्पर उडालं, दारं-खिडक्या असदच्या सैनिकांनी उचकटून नेल्या, भिंती फोडून तांब्याच्या तारा आणि स्लॅब तोडून सळया काढल्या, ते घर. सीरियात या लुटीला 'तअफीश' म्हणतात, आणि तिचा माल विकणारे अख्खे बाजार भरत. त्या घरावर टोल लावता येत नाही, कंटेनर उतरवता येत नाही. त्याला कोण करार देणार? बंदरातून पैसा मिळतो म्हणून बंदर आधी, हे मलाही समजतं. पण मग त्याला देशाची उभारणी म्हणू नका, बंदराचा धंदा म्हणा.

आणि घरमालकानं ते घर आपलं हे सिद्ध कसं करायचं? असदनं 2018 मध्ये 10 क्रमांकाचा कायदा आणला. सरकार एखादा भाग पुनर्विकासाला घेईल तेव्हा मालकानं 30 दिवसांत कागद आणून दाखवायचे. अर्धा देश बेघर, लाखो लोक तुर्कस्तान, लेबनॉन, जर्मनीत. मग ओरड झाली म्हणून मुदत वर्षाची केली. त्याआधी 2012 मध्ये दमास्कसच्या कडेला बसातीन अल-राझी नावाची वस्ती आणि फळबागा उठवायचा हुकूम निघाला होता. तिथे 'मारोटा सिटी' उभारायचं ठरलं आणि जागा दरबारी धनिकांच्या पदरात पडली. एसआरए आणि टीडीआर ही अक्षरं ज्यांना झोपेतही ऐकू येतात, त्या मुंबईकरांना यापुढचं सांगायला नको.

सिमेंटवाल्यांची एक गोष्ट सांगतो, ती ऐकून मला अजून हसावं की काय ते कळलेलं नाही. लाफार्ज या फ्रेंच कंपनीचा उत्तर सीरियात कारखाना होता. लढाईतही तो चालू राहावा म्हणून तिनं 'इस्लामिक स्टेट' आणि नुस्रा फ्रंटला सुमारे 60 लाख डॉलर पोहोचवले. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि सुमारे 78 कोटी डॉलर दंड भरला. पैसे देणारी गुन्हेगार ठरली. घेणाऱ्या दोन संघटनांपैकी एकीचा तेव्हाचा म्होरक्या कोण, ते वर लिहिलेलंच आहे. अंगाला अत्तराचा वास येतोय तो.

आता तो 180 आकडा. अध्यक्ष हुकूम काढून हुकूम मागे घेऊ शकतो. 30 जून 2025 ला ट्रम्प यांनी तसं केलंही. पण सीझर कायदा संसदेचा. तो अध्यक्षांना रद्द करता येत नाही, फक्त काही काळ खुंटीला टांगता येतो. किती काळ? 180 दिवस. वीजकेंद्र उभं राहायला वर्षं लागतात, त्याचं कर्ज फिटायला दहा-पंधरा. कोणती बँक 180 दिवसांच्या भरवशावर कर्ज देईल? आमची सोसायटीची पतपेढी देणार नाही. अखेर 18 डिसेंबर 2025 ला संरक्षण खर्चाच्या विधेयकात घुसवून कायदा रद्द झाला. पण पुढची चार वर्षं व्हाइट हाउसनं सीरियाच्या वागणुकीचा अहवाल संसदेला द्यायचा आहे. दर 180 दिवसांनी. शेरा वाईट आला तर निर्बंध परत येऊ शकतात. घर जातीत घेतलं, पण चुलीवर काय शिजतं ते बघायला पंच सहा महिन्यांनी डोकावणार. आणि 1979 च्या त्या यादीतलं नाव सीझर कायदा गेला तेव्हाही तसंच होतं.

आपणही त्या गावचे पाहुणे होतो बरं का. तिशरीनच्या औष्णिक वीजकेंद्रासाठी भारतानं 24 कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं होतं, काम भेलचं. ओएनजीसी विदेशनं तिथल्या तेलक्षेत्रात हिस्सा घेतला होता. युद्ध आणि निर्बंध आले, हिस्सा कागदावर राहिला. आता सगळे ताट वाढून घेत असताना आपण पत्रावळ कुठे मांडायची, याचा विचार दिल्लीत चालू असेल.

इराकमध्ये यापेक्षा मोठी पंगत झाली होती. तिथे 1990 पासून बारा-तेरा वर्षं वाळीत टाकलं. पेन्सिलीतल्या ग्राफाइटचं शस्त्र होईल म्हणून पेन्सिलीही अडवल्या. संयुक्त राष्ट्रांच्या 'तेलाच्या बदल्यात धान्य' योजनेत सद्दामला गुपचूप पैसे चारणाऱ्या कंपन्या व्होल्कर समितीनं मोजल्या, त्या दोन हजारांच्या वर निघाल्या आणि त्याच अहवालापायी आपल्या नटवरसिंहांचं परराष्ट्र खातं गेलं. मग 2003 मध्ये देश जिंकल्यावर उभारणीसाठी न्यूयॉर्कहून बगदादला विमानांनी रोख नोटा गेल्या. 12 अब्ज डॉलर, वजन 363 टन. पैसा इराकचाच, बहुतेक तेलाचा. पुढे लेखापरीक्षकांनी लिहिलं की 8.8 अब्ज डॉलर नीट खर्च झाले याची खात्री देता येत नाही. वजन तेवढं अचूक राहिलं.

दमास्कसमध्ये मात्र हिशेब चोख आहे. सीझर कायदा जायला दीड महिना होता, तेव्हाच, 1 नोव्हेंबर 2025 पासून, नव्या सरकारनं विजेचे दर वाढवले. सवलतीचं युनिट 10 लिरांना होतं ते पहिल्या 300 युनिटांना प्रत्येकी 600 लिरा. दोन महिन्यांचं 300 युनिटांचं बिल 1,80,000 लिरा. सरकारी किमान पगार तेव्हा महिना 7,50,000 होता. टॉवर, मेट्रो, विमानतळ यथावकाश येतील. होम्सच्या त्या बिनछपराच्या घरी बिल आलेलं आहे.