आकाशातली सावकारी आणि टी. नगरातली पोरं

ऐकलंत का? दिवाळीच्या तोंडावर रंगनाथन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते, माम्बलम स्टेशनातून लोंढेच्या लोंढे बाहेर पडतात, अख्खं मद्रास खरेदीला इथे येतं. आणि आमच्या टी. नगरातली काही पोरं दारं लावून अंतराळात व्यापार करतात! नावं घेत नाही, आईवडील भले आहेत.

खेळाचं नाव ऊलाइट. 1984 साली केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलीट’ रचला, त्याचा हा मानसपुत्र. आठ दीर्घिका, प्रत्येकीत 256 ग्रह, आणि हे सारं 32 किलोबाइटच्या संगणकात! ग्रहांची नावं गणितानेच निघायची. एका दीर्घिकेत भलतंच असभ्य नाव निघालं, तर त्यांनी ती दीर्घिकाच बाद केली म्हणे. तेव्हा लाजलज्जा होती हो.

पुढे जाइल्स विल्यम्स नावाच्या गृहस्थाने मॅकसाठी ऊलाइट बांधला आणि आतलं सगळं काम जगाला उघडं करून दिलं. इथेच घात झाला.

एरवी खेळ सोज्वळ. शंभर क्रेडिट, कोब्रा मार्क थ्री जहाज, लेव्ह ग्रहापासून सुरुवात. शेतकी ग्रहावर धान्य स्वस्त, तिथून उचला, कारखान्यांच्या ग्रहावर विका. परतताना यंत्रं भरा. (सोज्वळ म्हटलं खरं, पण मालाच्या यादीत बंदुका, अमली पदार्थ आणि चक्क गुलामही आहेत. तसला माल घेऊन निघालात की पोलिसांच्या दफ्तरी नाव चढतं.)

एवढ्यावर भागलं असतं तर तोंड कशाला उघडलं असतं? पण हौशी मंडळींनी घरबसल्या शेकडो जोडण्या केल्या. ओएक्सपी म्हणतात त्यांना. फाइल आणायची, ‘अ‍ॅडऑन्स’ फोल्डरात टाकायची, की बसला खेळात नवा उद्योग.

आणि उद्योग तरी कसले! एकाने अंतराळस्थानकाबाहेर जाहिरातींचे फलक टांगले. उस्मान रोडवर मान वर केली की दागिने ल्यायलेल्या, कांजीवरम नेसलेल्या नट्याच दिसतात. निदान तारे तरी मोकळे असतील म्हणावं, तर तिथेही फलक. दुसऱ्याने ‘हूपी कॅसिनो’ थाटला. तिसऱ्याचे ‘ब्लॅक मंक्स’ म्हणजे तर कहर. हे साधू मठात बसून कर्ज देतात. साधू! आणि मुदतीत फेडलं नाही की मागे तोफा लावलेली जहाजं सोडतात. पठाणी व्याज ऐकून होतो, मठातली वसुली हा नवाच प्रकार.

एक जण नुसता जहाजांना रंग, गंज आणि ओरखडे देत बसला. एरवी घरची सायकल पुसत नसेल. बरं, मोबदला? छदाम नाही. सगळ्या लष्कराच्या भाकऱ्या, त्याही परग्रहावरच्या लष्कराच्या.

माझ्या मते हे सुधारण्यातले नव्हेत. सबंध विश्व फुकट हाती आलं, तर यांना त्यात आधी जाहिरात, जुगार आणि सावकार हवा!

तुमच्याकडे हे लोण आलंच, आणि येईल, कारण खेळ फुकट असून विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, तर पोरांना दोन गोष्टी बजावा. मठाचं कर्ज काढायचं नाही. आणि हावरटासारख्या सगळ्या जोडण्या एकदम टाकायच्या नाहीत, काहींचं एकमेकींशी पटत नाही.