आमच्या घरची बाद फेरी

क्लीव्हलँड, ओहायो
मे महिना

तीर्थरूप बाबांना,


परवा व्हिडिओ कॉलवर मागे जो आरडाओरडा ऐकू येत होता तो भांडणाचा नव्हता, असं तुमचे चिरंजीव तुम्हाला म्हणाले. तो भांडणाचाच होता. बापलेक बास्केटबॉलवरून भांडत होते. "फोनवर मला 'आवाज येतोय का' एवढंच कळतं, तू सविस्तर लिही," असं तुम्ही म्हणालात, म्हणून लिहिते. आईंना सांगा, दोघं रात्री एका ताटात जेवले, काळजी नको.

इथे एप्रिलपासून जूनपर्यंत एनबीएची बाद फेरी चालते. तिला प्लेऑफ म्हणतात. त्याआधी ऑक्टोबरपासून प्रत्येक संघ 82 सामने खेळतो, त्यातून सोळा संघ उरतात, आणि मग समोरच्याला सातांपैकी चार सामन्यांत हरवायचं. म्हणजे मुंबईने बडोद्याला एकदा हरवलं की पुढची फेरी, असं इथे नाही. बडोद्याला चारदा हरवावं लागतं. तोवर बडोद्याला तुमची प्रत्येक खोड कळलेली असते, म्हणून इथले लोक म्हणतात की खेळाडूची खरी पारख प्लेऑफमध्येच होते. भांडण तिथूनच सुरू होतं.

तुमचे चिरंजीव मायकेल जॉर्डनचे. जून 1998 मध्ये ते रोज पहाटे उठून बाहेरच्या खोलीत बारावीचा अभ्यास करायचे ना, तो अभ्यास नव्हता. केबलवर शिकागो बुल्सचे अंतिम सामने होते. एवढ्या वर्षांनी फोडते आहे, रागावू नका. बारावीत मार्क का कमी पडले त्याचाही उलगडा होईल.

तुमचा नातू लेब्रॉन जेम्सचा. त्याला दुसरा पर्यायच नव्हता. लेब्रॉन इथून जवळच्या अ‍ॅक्रन गावचा. 2010 मध्ये तो क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला तेव्हा लोकांनी त्याच्या नावाच्या जर्सी रस्त्यावर जाळल्या, आणि 2014 मध्ये परत आला तेव्हा त्याच लोकांनी रांगा लावून नव्या विकत घेतल्या. 2016 च्या अंतिम फेरीत संघ 1-3 असा मागे पडला होता. तिथून सलग तीन सामने जिंकले, आणि या शहराला कुठल्याही मोठ्या खेळातलं अजिंक्यपद 52 वर्षांनी मिळालं. त्या फेरीत दोन्ही संघांमिळून सगळ्यात जास्त गुण, रिबाउंड (टोपलीवरून उसळलेला चेंडू पकडणं), असिस्ट (ज्यावर गुण होतो तो पास), स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक (फटका हवेत अडवणं) एकट्या लेब्रॉनचे होते. इथे वाढणाऱ्या मुलाला यानंतर दुसऱ्या कोणाचं कौतुक कसं वाटणार?

उलट जॉर्डनने 7 मे 1989 ला इथे येऊन, पाच सामन्यांच्या मालिकेतल्या शेवटच्या सामन्यात, शेवटच्या क्षणाला चेंडू टाकून क्लीव्हलँडला 101-100 असं घरी बसवलं होतं. आमचे शेजारी सत्तरीचे आहेत, ते अजून तो प्रसंग नावाने घेत नाहीत. अशा गल्लीत तुमचे चिरंजीव जॉर्डनचा 23 नंबरचा लाल बनियन घालून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला जातात. कर्जत फास्टमध्ये ठाण्याला उतरणारा माणूस चढला की डबा त्याच्याकडे जसा बघतो, तसं सगळे त्यांच्याकडे बघतात.

आता आकडे. तुम्हाला आकडेच हवे असणार. तुमच्या रणजीच्या वह्या मी लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत माळ्यावरून काढल्या होत्या, तेव्हाच कळलं होतं हे घर कसलं आहे ते.

चिरंजीव सरासरी पुढे करतात. जॉर्डन प्लेऑफचे 179 सामने खेळला आणि 5987 गुण केले, म्हणजे सामन्याला साडेतेहेतीसच्या जवळ. प्लेऑफच्या इतिहासात एवढी सरासरी कोणाचीच नाही. 1986 मध्ये बॉस्टनविरुद्ध त्याने एका सामन्यात 63 केले. नातू बेरीज पुढे करतो. लेब्रॉनचे प्लेऑफचे गुण आठ हजारांच्या वर आहेत, जॉर्डन दुसरा, आणि मधलं अंतर दोन हजारांहून जास्त. लेब्रॉनची सरासरी साडेअठ्ठावीसच्या आसपास आहे. ती नातू सांगत नाही. 63 केले तो सामना शिकागो हरलं आणि मालिकाही 0-3 अशी गेली. हे चिरंजीव सांगत नाहीत. हिशेब करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून सांगते: दोघांनीही आधी देव ठरवला आणि मग त्याला शोभेल तो रकाना शोधला.

मग येतो चिरंजीवांचा हुकमी पत्ता. जॉर्डन सहा वेळा अंतिम फेरीत गेला आणि सहाही जिंकला, 1991 ते 93 आणि 1996 ते 98. लेब्रॉन दहा वेळा गेला आणि चारच जिंकला. हे ऐकलं की नातू पाय आपटतो, आणि बाबा, या एका मुद्द्यावर मी त्याच्या बाजूची आहे. जॉर्डन 1985, 86 आणि 87 अशी लागोपाठ तीन वर्षं पहिल्याच फेरीत घरी गेला. त्या तीन वर्षांत प्लेऑफचे दहा सामने खेळून जिंकला एक. पण ही तीन वर्षं 'सहापैकी सहा'मध्ये कुठेच दिसत नाहीत. जो अंतिम फेरीपर्यंत मजल मारून हरतो तो नापास, आणि जो पहिल्याच फेरीत बाद होतो त्याचं प्रगतिपुस्तक कोरं. लेब्रॉन 2011 ते 2018 अशी सलग आठ वर्षं अंतिम फेरीत होता. ही कामगिरी जमेला धरायची की त्याच्या विरोधात, ते आधी ठरवायला नको का?

शिवाय नियम बदलत गेले आहेत. जॉर्डनच्या काळात पहिली फेरी पाच सामन्यांची असायची. 2003 च्या प्लेऑफपासून ती सातची झाली, आणि लेब्रॉन लीगमध्ये आला 2003 मध्येच. म्हणजे बेरीज करायला त्याला जास्त सामने मिळाले. नातवाला हे सांगितलं तर म्हणाला, "आई, तू कोणाच्या बाजूने आहेस?" मी म्हटलं, मी पोळ्या करते आहे.

खरं तर या दोघांच्या भांडणात ज्याचं नाव कोणी काढत नाही तो बिल रसेल. बॉस्टन सेल्टिक्सचा. 1957 ते 1969 या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदं. याने 165 प्लेऑफ सामन्यांत सामन्यामागे जवळपास पंचवीस रिबाउंड पकडले. मालिका 3-3 झाली की सातवा सामना निर्णायक. असे दहा सामने तो खेळला आणि दहाही जिंकला. पण त्याने प्रतिस्पर्ध्याचे किती फटके हवेत अडवले, हे विचारलं तर उत्तर नाही, कारण ब्लॉक मोजायला सुरुवातच झाली 1973-74 च्या हंगामापासून, आणि तोवर रसेल निवृत्त झाला होता. ज्याच्यासाठी तो प्रसिद्ध, तेच कोणी लिहून ठेवलं नाही! तुमच्यासारखा एक माणूस वही घेऊन बॉस्टनला बसला असता तर बरं झालं असतं. अंतिम फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीसही सुरू झालं 1969 मध्ये, रसेलच्या शेवटच्या अंतिम फेरीत. ते मिळालं हरलेल्या संघाच्या जेरी वेस्टला. 2009 पासून त्या बक्षिसाला रसेलचं नाव आहे, पण ते बक्षीस त्याला स्वतःला कधीच मिळालं नाही.

रसेलच्या समोर असायचा विल्ट चेंबरलेन. 2 मार्च 1962 ला हर्शी नावाच्या चॉकलेटच्या गावात त्याने एका सामन्यात 100 गुण केले. प्रेक्षक चार हजारांच्या थोडे वर, टीव्हीवर प्रक्षेपण नाही, आणि न्यूयॉर्कचा नेहमीचा उंच खेळाडू त्या दिवशी मैदानावर नव्हता. हे वाचताना मला आपलं कल्याण आठवलं. वायलेनगरच्या मैदानावर जानेवारी 2016 मध्ये पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्याच्या एका डावात नाबाद 1009 केले होते, 327 चेंडूंत, 129 चौकार आणि 59 षटकार. इंग्लंडमधल्या कॉलिन्सचा 1899 पासूनचा नाबाद 628 चा विक्रम कल्याणात मोडला, आणि तुम्ही तिकडून फोन करून आम्हाला मध्यरात्री उठवलं होतंत. मुलाने मारलं, त्याचं कौतुकच आहे. दोन दिवस उन्हात उभं राहणं हेसुद्धा सोपं नाही. पण समोरच्या शाळेचे दोन डाव 31 आणि 52 होते. आकडा खरा असतो, फक्त तो कोणाविरुद्ध निघाला हे त्याच्या शेजारी लिहावं लागतं. चेंबरलेनची साध्या हंगामांतली सरासरी 30.1 आणि प्लेऑफमधली 22.5. समोर पुन्हा पुन्हा रसेल उभा राहिला की असं होतं.

आता हे वाचून तुम्ही सचिनचं नाव काढणार. काढा. पण कुठली बाद फेरी धरायची ते तुम्ही ठरवा. विश्वचषकाचे उपांत्य सामने धरले तर 1996 मध्ये 65, 2003 मध्ये 83, 2011 मध्ये 85. फक्त अंतिम सामने धरले तर 4 आणि 18. 1994-95 चा रणजीचा अंतिम सामना धरला तर पंजाबविरुद्ध 140 आणि 139. एकच माणूस, रकाना बदलला की देवही होतो आणि साधा फलंदाजही. (4 आणि 18 हे आकडे मी हळू आवाजात लिहिले आहेत.)

मग मी म्हटलं, आपण माणसाला दुसऱ्याशी तोलूच नये, त्याला त्याच्या स्वतःशीच तोलावं. रोजच्या सामन्यांतली सरासरी एका बाजूला आणि प्लेऑफमधली दुसऱ्या बाजूला. प्लेऑफमध्ये समोरचे संघ तगडे, त्यामुळे बहुतेकांची सरासरी घसरते. ज्याची वाढते तो मोठा. जॉर्डन 30.1 वरून 33.4 वर, म्हणजे अकरा टक्के वाढ. लेब्रॉन 27 वरून 28.4, पाच टक्के. चिरंजीव खूश झाले, उठून चहा टाकला. तेवढ्यात नातवाने रॉबर्ट हॉरी काढला. हा हॉरी कधी ऑल-स्टार संघातसुद्धा आला नाही, पण तीन वेगवेगळ्या संघांकडून सात अजिंक्यपदं जिंकून बसला आहे. सरासरी 7 वरून 7.9. तेरा टक्के! माझ्या पद्धतीने हॉरी जॉर्डनच्या वर. चहा तसाच गार झाला.

पण बाबा, पद्धत टाकून देण्याआधी मी आपला माणूस तिच्यात घालून पाहिला. अजिंक्य रहाणे. डोंबिवलीत वाढलेला, पाठीवर किट घेऊन लहानपणी लोकलने एकटा मुंबईला सरावाला जाणारा. कसोटीतली त्याची सरासरी 38.46. आता कसोटीची बाद फेरी म्हणजे जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना. 2021 मध्ये साउदॅम्प्टनला 49 आणि 15. 2023 मध्ये ओव्हलवर 89 आणि 46. एकूण 199, सरासरी 49.75. जवळजवळ तीस टक्के वाढ! जॉर्डन अकरा, हॉरी तेरा, डोंबिवली तीस. आणि हे एकदाच जमलं म्हणावं तर डिसेंबर 2024 ची मुश्ताक अली करंडकाची बाद फेरी पाहा: विदर्भाविरुद्ध 84, बडोद्याविरुद्ध 98, अंतिम सामन्यात 37, आणि करंडक मुंबईला. त्याच वर्षी मार्चमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात 73, तोही हंगामभर बॅट फारशी चाललेली नसताना. मुंबईचं ते बेचाळिसावं रणजी विजेतेपद. त्याच सामन्यात पहिल्या डावात शार्दूल ठाकूरने 75 केले. पालघर वेगळा जिल्हा 2014 मध्ये झाला, शार्दूल जन्मला तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे त्याला मी आपल्यातच धरते.

चिरंजीव म्हणाले, चार डाव आणि 179 सामने यांची तुलना होते का? होत नाही. ते बरोबर आहेत, आणि ही गोष्ट त्यांना मी फार वेळा म्हणत नाही. भारत ते दोन्ही अंतिम सामने हरला, हेही आहे. पण मग त्याच न्यायाने लेब्रॉनच्या हरलेल्या सहा अंतिम फेऱ्यांमधला त्याचा खेळही खेळच होता, आणि तो मोजायला हवा. हे वाक्य ऐकल्यावर नातवाने मला मिठी मारली आणि चिरंजीव कचऱ्याचा डबा ठेवायला गेले. त्या दिवशी कचऱ्याचा वार नव्हता.

तुम्ही निकाल विचारलात, तर देते. जॉर्डन पहिला. कारण 179 सामने हा काही चार डावांचा योगायोग नाही, आणि इतक्या सामन्यांत स्वतःच्याच सरासरीच्या एवढं वर राहणं सोपं नाही. हॉरीची गोष्ट वेगळी, त्याला अडवायला कोणी रात्र रात्र जागून डाव आखत नव्हतं. दुसरा रसेल, आणि त्याचे ब्लॉक मोजलेले असते तर कदाचित हा क्रम मी उलटा लिहिला असता. तिसरा लेब्रॉन, पण सलग आठ वर्षांचं माप त्याच्यासारखं कोणी भरलेलं या काळात मी पाहिलेलं नाही. रहाणेला मी वेगळ्या यादीत ठेवला आहे, त्या यादीत तो एकटाच आहे.

रविवारी नातू तुम्हाला फोन करेल. हा निकाल माझा म्हणून सांगू नका, तुमचा म्हणून सांगा. आजोबांच्या निकालावर तो अपील करत नाही, माझ्यावर रोज करतो. आणि आईंना माझा नमस्कार सांगा.

आपली,
सूनबाई

ता. क. डोंबिवलीत फडके रोडवर कोणी विचारलं तर जॉर्डनचा बनियन तुमच्या चिरंजीवांनी सेलमध्ये घेतला असं सांगा. पूर्ण किमतीत घेतला आहे.