अकरावीची ॲडमिशन

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात लग्नाचा हॉल ठरायच्या आधी दादूस ठरतो. इकडे हळद म्हणजे आवाज, आणि आवाज म्हणजे कुणीतरी एक दादूस. चार-पाच गावांमागे असा एक सापडतोच. मी सांगतोय तो कोंडाणे गावचा. टेम्पोत बॉक्स, ॲम्प्लिफायर, मिक्सर आणि मागं जनरेटर बांधून तो निघाला, की वाटेतल्या म्हशी हॉर्नची वाट न बघता बाजूला होतात. त्याचं खरं नाव रेशन कार्डावर आहे आणि तिथंच राहिलंय. वयानं मोठी माणसंही त्याला दादूसच म्हणतात. कामाच्या वेळी मात्र सगळे त्याला खुणेनं बोलावतात, कारण तो असतो तिथं हाकेचा उपयोग नसतो.

निवासी वस्तीत रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये, असा २००० सालापासून नियम आहे. ४५ डेसिबल म्हणजे दादूसचं खोकणं. त्यामुळे रात्री दहाच्या सुमाराला मांडवापाशी पोलिसांची गाडी येते, आणि दादूस आयुष्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य म्हणतो, "साहेब, शेवटचंच गानं." शेवटची गाणी त्याच्याकडे भरपूर आहेत.

पण हा झाला मांडवातला दादूस. खरा दादूस पडवीत बसतो. पडवीला प्लायवूडचं पार्टिशन मारून त्यानं तिला स्टुडिओ केलंय. कॉम्प्युटरवर वहिनींच्या जुन्या साडीचं झाकण आणि दारावर 'आवाज करू नये' अशी पाटी. ती वाचून येणारा प्रत्येक जण मोठ्यांदा हसतो. लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीच्या गाण्याखाली बेस टाकणं, हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनामधून बुवांचा खोकला कापून काढणं, शाळेच्या गॅदरिंगची गाणी जोडून देणं, ही सगळी कामं इथं होतात. ग्रामपंचायतीची निवडणूक आली, की रिक्षावरून फिरवायची जाहिरातही इथंच तयार होते, दोन्ही पॅनेलची. आवाज दोन्हीकडे दादूसचाच. एका पॅनेलसाठी तो पट्टी जरा खाली ओढतो, म्हणजे उमेदवार वजनदार वाटतो. मतदारांना हे माहीत आहे. ते कुणाला मत द्यायचं ते आवाजावरून ठरवत नाहीत, पण जाहिरात कुणाची जास्त घुमली याची चर्चा मात्र करतात.

घुमणं हा दादूसचा धर्म आहे, आणि त्या धर्माचा ग्रंथ म्हणजे कूल एडिट प्रो. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या सिंट्रिलियम नावाच्या लहानशा कंपनीनं केलेलं हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर. २००३ साली अडोबीनं ते विकत घेतलं, त्याचं ऑडिशन असं नामकरण केलं आणि कूल एडिट संपलं. म्हणजे जगात संपलं. कोंडाण्यात ती बातमी पोचली तेव्हा दादूसची सीडी नवीकोरी होती. ती त्यानं कुठून आणली हे विचारू नये. त्या काळात रेल्वे स्टेशनाबाहेर वडापावाइतक्याच सहजपणे सीड्याही मिळत, आणि पिशवीत दोन्ही एकत्र टाकले तर सीडीला चटणी लागे. दादूसच्या सीडीला लागलेली आहे.

वीसहून अधिक वर्षं जुन्या सॉफ्टवेअरला हा माणूस का चिकटून बसलाय? आळस, अडाणीपणा, फुकटेपणा अशी उत्तरं मी त्याच्या पुतण्याकडून ऐकली आहेत. पुतण्या कर्जतला कॉम्प्युटर शिकतो, म्हणून त्याला असली उत्तरं लगेच सुचतात. खरं कारण गावाजवळ डोंगराच्या कुशीत आहे.

कूल एडिटमध्ये एको चेंबर नावाचा एक इफेक्ट होता. त्यात खोलीची लांबी, रुंदी, उंची टाकायची, भिंती आवाज किती परत फेकतात ते सांगायचं, गाणारा कुठं उभा आणि माईक कुठं तेही सांगायचं. मग सॉफ्टवेअर हिशेब करून आवाज त्या खोलीत नेऊन ठेवी. दादूसनं हे पाहिलं आणि टेम्पोची दोरी घेऊन तडक कोंडाण्याच्या लेण्यात गेला. राजमाचीच्या पायथ्याला असलेली ही लेणी इसवीसनापूर्वीची. चैत्यगृह साठ फुटांहून लांब, वर कमानदार छत, पावसाळ्यात तोंडावर धबधब्याचा पडदा. दोरीला गाठी मारून त्यानं सगळं मोजलं, पडक्या खांबांचाही अंदाज घेतला, टाळ्या वाजवून भिंतींची परीक्षा केली आणि आकडे घरी आणून कॉम्प्युटरात घातले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या नवरदेवांना हळद लागते ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध चैत्यगृहात. फक्त त्यांना ते माहीत नसतं.

दादूसनं तिथं आणखी एक गोष्ट पाहिली. चैत्याच्या दर्शनी भागावर एक ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं, असा त्याचा अर्थ. एका ट्रेकरनं त्याला तो समजावून सांगितला आणि दादूसच्या डोक्यात उजेड पडला. एवढा डोंगर कोरणारा माणूससुद्धा नाव घातल्याशिवाय राहिला नाही, मग आपण का राहावं? त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक मिक्सच्या मध्ये, गाणं रंगात आलं की, घोगऱ्या आवाजात "आवाऽऽज... कोंडाण्याचा!" अशी आरोळी येते. एकदा ती बाराव्याच्या भजनातही आली होती. ते प्रकरण मिटलं आहे.

विंडोजच्या पिढ्या दादूसनं पाहुण्यांसारख्या येऊ आणि जाऊ दिल्या. २००७ साली विस्टा आला. त्यात आवाजाची आतली सगळी व्यवस्था नव्यानं बांधलेली होती, जुनी साउंडकार्डं जगभर रुसून बसली. दादूसनं विस्टाला उंबरा ओलांडू दिला नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये एक्सपीचा कारभार मायक्रोसॉफ्टनं आटोपता घेतला, तेही त्याला बऱ्याच उशिरा कळलं. मग कधीतरी कुणा पोराकडून सात नंबरचं विंडोज 'मारून' घेतलं, मग दहा नंबरचं. प्रत्येक वेळी पोराच्या शेजारी बसून त्याची एकच अट असायची: "काय पण मार, माझ्या कूलला हात लावू नको."

मग २०२५ साली, १४ ऑक्टोबरला विंडोज दहाची मुदत संपली. वसुबारस तीन दिवसांवर होती. स्क्रीनवर निरोप येऊ लागले, अकरावर या. दादूस जायला तयार झाला, तर यंत्रानं तपासणी केली आणि नकार दिला. अकराच्या अटी अशा: इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा पाहिजे, आणि बोर्डावर टीपीएम २.० नावाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप पाहिजे. दादूसचा प्रोसेसर चौथ्या पिढीतला. "आठवी पिढी?" तो म्हणाला, "आमच्या घरात चार पिढ्यांच्या वर नावं कुनाला पाठ नाय." पारावर मात्र बातमी वेगळीच पोचली. दादूस दहावी झाला, पण अकरावीला ॲडमिशन मिळेना, म्हणून एका भल्या माणसानं त्याला कॉलेजातल्या ओळखीच्या क्लार्ककडे शब्द टाकायची तयारी दाखवली.

शेवटी तुळशीच्या लग्नाआधी नवा लॅपटॉप घेतला. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात, थांबायला सवड नव्हती. वहिनींनी लॅपटॉपला कुंकू लावलं. चार्जिंगच्या भोकात थोडं गेलं.

पहिल्या दिवशी दादूसनं बाहेरची सीडी ड्राइव्ह जोडून कूल एडिट चढवलं. चढलं. मग सीडीतलं कुलूप फोडणाऱ्या फाइलचं दुसरं फोल्डर उघडलं, ज्याच्यामुळे सीडी कुठून आणली हे विचारू नये असं वर म्हटलंय, आणि विंडोजच्या राखणदारानं त्यातली फाइल दादूसच्या डोळ्यांदेखत गायब केली. दादूसनं परत टाकली. राखणदारानं परत उचलली. वीसेक वर्षं घरात वावरलेल्या फाइलला कुणी चोर म्हणतंय, हे त्याला सहन होईना. पुतण्यानं काय केलं ते मी लिहीत नाही. मग एक गुणकारी तोडगा निघाला. सॉफ्टवेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन, हे विंडोज एक्सपी आहे असं त्याला भासवायचं. घरातले वृद्ध आजोबा 'पंतप्रधान कोण?' म्हणून विचारतात आणि सगळे 'नेहरूच' म्हणून सांगतात, तसं. कूल एडिटचा विश्वास बसला. ते उघडलं. पडवीत पेढे वाटले.

रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, तर पट्टी सपाट. दादूस ओरडला, माईक आपटला, 'हॅलो, चेक' म्हणाला. रेष हलेना. हल्लीच्या विंडोजमध्ये सॉफ्टवेअरना माईक वापरू द्यायचा की नाही हे सेटिंगमध्ये ठरतं, आणि इथं ती परवानगी बंद होती. आयुष्यभर ज्यानं सरपंचाच्या हातातून माईक काढून घेतला, त्याला माईकसाठी अर्ज करावा लागला. परवानगी मिळाली, आवाज आला, पण कसा? कोरडा ठणठणीत. लॅपटॉपमध्ये आवाज 'सुधारण्याची' सोय आधीपासूनच चालू होती. मागचा गोंगाट काढायचा, खोलीतला प्रतिध्वनी पुसायचा, असा तिचा बाणा. ढोल तिला गोंगाट वाटला. दादूसनं जन्मभर जे घातलं, ते हे यंत्र दोष म्हणून वेचून काढत होतं.

सुधारणा बंद केल्या. तरी दोन दिवसांनी अपडेट आलं, आणि त्यानंतर कूल एडिट उघडलं की मिटायचं. तेव्हा पुतण्यानं ऑडॅसिटीचं नाव काढलं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेलं, २००० सालापासून सगळ्यांना मोफत. दादूसनं डोळे बारीक केले. चटणी लागलेली सीडी वापरताना ज्याला कधी भीती वाटली नाही, तो खरोखर फुकट असलेल्या वस्तूला हात लावायला घाबरला. "पैसं घेत नाय म्हंजे कायतरी घेतंय," हे त्याचं मत. पुतण्यानं बटणं दाखवली, कापणं-जोडणं दाखवलं. दादूस मान हलवत होता. मग रिव्हर्ब उघडला आणि 'रूम साइज' पाहून थांबला.

"हे टक्के कसले?"

"खोलीचे, काका. मोठी खोली, जास्त टक्के."

"खोलीचे टक्के? फूट कुठायत? लेनी किती टक्के?"

याचं उत्तर पुतण्याकडे नव्हतं, आणि त्या क्षणी मला वाटतं तो पहिल्यांदा काकाकडे नीट बघायला लागला. दुसऱ्या दिवशी त्यानं उपाय आणला. मोजमाप करायचंच नाही. लेण्यात जाऊन फुगा फोडायचा, आणि त्या 'फट्'नंतर जे घुमतं ते सगळं रेकॉर्ड करायचं. एक मोफत प्लगइन मिळतं, ते त्या घुमण्याचा साचा करून कुठल्याही आवाजावर चढवतं. कॅथेड्रलांचे असे साचे जगात अनेकांनी केलेत. दादूसला ही कल्पना इतकी पटली की हळदीच्या कमानीसाठी आणलेले सोनेरी फुगे त्यानं पिशवीत भरले.

लेण्यात मुंबईचे ट्रेकर होते. फुगा फुटला की ते दचकून ओरडत. ते गेल्यावर घाटातून मालगाडीनं शिट्टी घातली. मग एकदाचं शांत झालं, फुगा फुटला, चैत्य घुमलं, आणि ते ऐकून दादूसचा ऊर असा भरून आला, की पुतण्यानं तोंडावर बोट ठेवायच्या आत त्याच्या गळ्यातून सवयीनं आरोळी निघून गेली. अंधार पडत आला होता, फुगे संपले होते. पुतण्यानं तोच साचा घेतला. आरोळीची शेपटी घरी जाऊन कापू म्हणाला आणि विसरला.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीत ढोलाची पहिली थाप पडली आणि तिच्या मागोमाग बॉक्सांतून आलं, "आवाऽऽज कोंडाण्याचा." दुसरी थाप, पुन्हा तेच. लय वाढली तसे थापांमागे दादूसच दादूस, एकावर एक चढलेले. नवरदेवाच्या आजीनं विचारलं, "मागं कोन बोंबलतंय?" पुतण्याचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा झाला, तो लॅपटॉपकडे धावला. पण मांडव नाचत होता, आणि कुणीतरी पुढच्या आठवड्याच्या हळदीसाठी "हाच इफेक्ट पायजे" म्हणून दादूसच्या खिशात इसार कोंबत होता.

रात्री पडवीत पुतण्यानं विचारलं, साचा कुठल्या नावानं सेव्ह करू?

"बलक टू," दादूस म्हणाला.